एकोणीस आणि सत्तेचाळीस

विद्यापीठाच्या गणित विभागाखाली एक तळघर होतं. त्या तळघरातल्या एकुलत्या एका वर्गात शिकवणाऱ्या बाईंना सगळे सेतूबाई म्हणत. नाव कुणी ठेवलं कोण जाणे, पण एकदा चिकटलं ते चिकटलंच. कागदोपत्री त्या वर्गाचं नाव होतं ‘सेतू वर्ग’. शाळेत गणितात पैकीच्या पैकी गुण घेतलेली पोरं विद्यापीठात यायची आणि पहिल्याच चाचणीत भोपळा घेऊन बसायची. आईबापांना वाटायचं, पोराला कुणाची तरी दृष्ट लागली. प्राध्यापकांना वाटायचं, शाळेने गुण खिरापतीसारखे वाटले. खरं काय ते कुणालाच नको होतं, म्हणून ही पोरं जिना उतरून खाली सेतूबाईंकडे पाठवली जायची.

बाई मूळच्या शाळेतल्या. एकतीस वर्षं त्यांनी फळ्यावर खडू झिजवला आणि निवृत्त झाल्या. घरी बसून चार महिने होतात न होतात तोच विद्यापीठाने बोलावलं. शाळेत पोरांना नेमकं काय शिकवलं जातं हे वरच्या प्राध्यापकांना ठाऊक नव्हतं, आणि बाईंना ते चांगलंच ठाऊक होतं, कारण शिकवणाऱ्या त्याच होत्या. सेतू वर्गाचे नियम दोनच. निम्मी हजेरी भरायची आणि शेवटची परीक्षा पास व्हायचं. यातलं एक जरी हुकलं तरी विद्यापीठातली जागा गेली, पुन्हा अर्ज नाही.

बाईंचा एक विशेष होता, आणि तो कळल्याशिवाय पुढची हकिगत कळायची नाही. त्यांना माणसाचं अक्षर लक्षात राहायचं, तोंड नाही. एकतीस वर्षं वह्यांत डोकं खुपसून बसल्याचा परिणाम. जवळचा चष्मा नाकावर कायम, त्यामुळे हातातली वही लख्ख दिसायची आणि पहिल्या बाकाच्या पलीकडे नुसतं धुकं. एकदा भाजी घेताना एका तरण्याताठ्या माणसाने त्यांना थांबवलं आणि विचारलं, “ओळखलंत का, बाई?” बाईंनी पिशवीतून पेन काढून त्याच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, “एक ओळ लिही बघू.” त्याने लिहिली. बाईंनी त्याची तुकडी, बाक आणि सहामाहीतले गुण सांगितले. तो माणूस खूश होऊन गेला. बाई त्याच्या तोंडाकडे बघायच्या राहूनच गेल्या.

त्या वर्षी सेतू वर्गात त्रेसष्ट नावं होती. थंडी कडाक्याची होती आणि तळघराला खिडकी छताला टेकलेली, त्यातून रस्त्यावरच्या माणसांचे फक्त पाय दिसायचे. पोरं कोट, टोप्या, मफलर घालूनच बसायची. पहिल्या दिवशी बाईंनी फळ्यावर एक साधं गणित सोडवलं आणि विचारलं, “ही पायरी का बरोबर आहे?”

सगळ्यांच्या माना वहीत गेल्या.

“अरे, तुम्हीच तर रोज लिहिता ही पायरी. का लिहिता?”

तेव्हा सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, “कारण तसंच असतं, बाई.”

ठरवून म्हटल्यासारखं. बाईंच्या समजुतीप्रमाणे ही पोरं निरनिराळ्या शाळांतून आली होती, एकमेकांना ओळखतही नव्हती. आणि हे वाक्य बाईंनी स्वतः एकतीस वर्षं, पोरांनी ‘का’ विचारल्यावर, याच सुरात सांगितलं होतं.

पुढे महिनाभर असंच चाललं. पेन हातात घेतलं की पोरांचे हात आपोआप धावायचे, ओळीवर ओळ, समासाशी समास. मध्येच थांबवून “आत्ता काय लिहिलंस?” विचारलं तर पोरं आपल्याच वहीकडे परक्याची वही असल्यासारखं बघायची. बाई घरी येऊन यजमानांना म्हणायच्या, “अहो, त्या खोलीत मी एकटीच असते असं वाटतं हो. बाकीचे नुसते हात.” यजमान म्हणायचे, “मग हातांना चहा पाज. तोंडं आपोआप येतील.” त्यांचा स्वभावच तसा, कशाचं काही वाटून घ्यायचं नाही.

मग एकोणीस नंबरचं प्रकरण सुरू झालं.

एकोणीस म्हणजे हजेरीपटावरचा क्रमांक. मागच्या भिंतीजवळ राखाडी कोट घालून बसणारी एक मुलगी. कोटाची टोपी कपाळावर ओढलेली आणि मफलर नाकापर्यंत गुंडाळलेला. एका मंगळवारी तास संपल्यावर ती शंका विचारायला टेबलापाशी आली. बाईंनी तिला अर्धा तास खपून समजावलं, तिच्या वहीत आकृतीसुद्धा काढून दिली. दुसऱ्या दिवशी तोच राखाडी कोट पुन्हा टेबलाशी उभा.

“काल सांगितलेलं डोक्यात शिरलं का?” बाईंनी विचारलं.

“काल मी नव्हते, बाई.”

“नव्हतीस कशी? ही बघ, मी काढलेली आकृती. तुझीच वही आहे ना?”

“वहीत आहे, हो.” मुलगी हलकेच म्हणाली. “पण मी नव्हते.”

बाईंनी हजेरीपट काढला. काल एकोणीसपुढे गैरहजेरीचं टिंब होतं. हजर होती ती सत्तेचाळीस. आज एकोणीस हजर आणि सत्तेचाळीस गैरहजर. बाईंनी वहीत पुन्हा पाहिलं. कालच्या तासाचं शेवटचं वाक्य अर्धवट सुटलं होतं, आणि आजच्या पानावर तेच वाक्य त्याच अक्षरात, त्याच शाईत पुरं झालं होतं. साताच्या मधोमध आडवी दांडी, शून्य खालून सुरू करून खालीच मिटवलेलं. हजारो अक्षरं पाहिलेल्या बाईंना यात तिळमात्र शंका नव्हती. हात एकच होता.

त्या दिवसापासून बाई त्या दोन क्रमांकांवर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवू लागल्या. नजर म्हणजे अर्थात हजेरीपटावर. आधीची पानं मागे उलटली, पुढची रोज तपासली. एकोणीसपुढे खूण असेल त्या दिवशी सत्तेचाळीसपुढे टिंब, आणि सत्तेचाळीसपुढे खूण असेल त्या दिवशी एकोणीसपुढे टिंब. एकही दिवस दोघी हजर नाहीत. दोघी गैरहजर असंही कधी नाही. कोट तोच, बाक तोच, वही तीच. फक्त कधीकधी बाईंना भास व्हायचा की कोट गुडघ्यापर्यंत आहे, आणि दुसऱ्या दिवशी तोच कोट पोटरीपर्यंत आला आहे. मग त्या चष्मा पुसायच्या. आवाजही एकदा जाड वाटला, एकदा बारीक. थंडीत घसे बसतातच, असं त्यांनी स्वतःला बजावलं. पण हजेरी घेताना त्या दोन क्रमांकांशी आल्या की बाईंचा आवाज उगाच खाली जायचा.

शेवटी त्यांनी कार्यालयात अर्ज दिला. विभागाचे हेडक्लार्क गेली वीस वर्षं तीच खुर्ची धरून होते, आणि त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. बाईंनी स्वच्छ अक्षरात लिहिलं: क्रमांक एकोणीस व सत्तेचाळीस या दोघी कधीही एका वेळी उपस्थित नसतात. अक्षर एक आहे. सबब दोघींपैकी एक अस्तित्वात नाही.

भाऊसाहेबांनी अर्ज दोनदा वाचला. “खोटं नाव घालून दोन जागा अडवल्या म्हणायच्या. याआधीही झालंय असं. सत्तेचाळीस कापतो. मागाहून आलेला अर्ज तिचाच आहे.”

फलकावर नोटीस लागली. सत्तेचाळीस क्रमांकाचा प्रवेश रद्द. आक्षेप असल्यास महिन्याच्या आत दोघींनी मिळून, कामाच्या दिवशी कार्यालयात समक्ष हजर राहावं, त्यानंतर यादी कायमची बंद होईल. एक आठवडा गेला, दुसरा गेला. कुणी आलं नाही. बाईंना हायसं वाटलं. आपण अगदी बरोबर ओळखलं होतं, असं त्या यजमानांना दोनदा म्हणाल्या.

राखाडी कोट मात्र आता रोज येऊ लागला. रोज एकोणीस, रोज “हजर”. कोट काही गुडघा आणि पोटरी यांच्यात ये-जा करायचा सोडेना.

महिना संपायला एक दिवस उरला तेव्हा बाईंनी सराव चाचणी घेतली. त्यानंतर वर्ग बंद व्हायचे होते आणि रविवारी शेवटची परीक्षा होती. चाचणीत बाईंनी मुद्दाम एक सापळा लावला होता. दोन संख्यांचा गुणाकार शून्य आला तर त्यातली एक शून्य असलीच पाहिजे, हे शाळेत प्रत्येकाने घोकलेलं असतं, आणि संख्यांपुरतं ते सोळा आणे खरं आहे. विद्यापीठात संख्यांच्या जागी फंक्शन येतात, म्हणजे दर क्षणाला नवी किंमत घेणाऱ्या गोष्टी, आणि तिथे तेच वाक्य खोटं ठरतं. बाईंनी ते खोटं विधानच प्रश्नपत्रिकेत घातलं: दोन फंक्शनचा गुणाकार प्रत्येक क्षणी शून्य आहे, तर दोघांपैकी एक कायमच शून्य आहे, सिद्ध करा. पोरांनी फक्त एवढंच म्हणायचं होतं की बाई, हे सिद्ध होत नाही.

बासष्ट पोरं दहा ते बारा खाली मान घालून लिहीत होती. बाई दारापाशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. मध्ये कुणी उठलं नाही, कुणी बाहेर गेलं नाही.

दुपारी त्यांनी पेपर तपासायला घेतले. पहिल्या पोराने सिद्ध करून दाखवलं होतं. दुसऱ्यानेही. दहा पेपर झाले, तीस झाले. तीच सहा ओळींची सिद्धता, त्याच क्रमाने, शेवटी ‘म्हणून दोघांपैकी एक अस्तित्वात नाही’ आणि त्याखाली पट्टीने मारलेल्या दोन रेघा. खोटी गोष्ट इतक्या वेळा, इतक्या नेटकेपणाने खरी ठरवलेली पाहून बाईंनी चष्मा काढून पुसला. पन्नासाव्या पेपरला तर त्या स्वतःच डळमळल्या, आणि प्रश्न आपणच चुकीचा समजलो की काय म्हणून पुस्तक काढून बसल्या. एकसष्ट पेपरांत एकसष्ट सिद्धता होत्या.

बासष्टावा एकोणीसचा होता. त्यात चारच ओळी.

‘विधान खोटं आहे. एक फंक्शन दिवसाच्या पहिल्या भागात आहे आणि दुसऱ्या भागात शून्य. दुसरं पहिल्या भागात शून्य आणि दुसऱ्या भागात आहे. कुठल्याही क्षणी बघाल तर दोघांतलं एक सापडणार नाही. पण दोन्ही आहेत.’

बाईंनी पैकीच्या पैकी गुण दिले आणि पेन खाली ठेवलं. खोलीत बारीक गारवा होता. छताजवळच्या खिडकीतून पाय जात होते. एकसष्ट जणांनी लिहिलेलं शेवटचं वाक्य आपण कुठेतरी वाचलं आहे असं त्यांना वाटत होतं. आणि मग कुठे ते आठवलं. ते त्यांनी वाचलं नव्हतं. महिन्यापूर्वी कार्यालयाच्या अर्जात स्वतःच्या हाताने लिहिलं होतं.

संध्याकाळी घरी त्या पर्स मांडीवर घेऊन बसून राहिल्या. यजमानांनी पेला पुढे सरकवला. “काय गं, कुणी मेलं की काय?”

“माहीत नाही,” बाई म्हणाल्या, आणि सगळं सांगितलं. “पण अहो, चार महिन्यांत दोघी एकदाही एकत्र दिसल्या नाहीत. एकदाही. मग मी काय समजायचं?”

यजमान हसायला लागले. ते पाणीपुरवठ्याच्या पंपघरात कामाला होते. “अगं, माझं नि माझ्या जोडीदाराचं काय? बावीस वर्षं एका पंपावर काम केलं आम्ही. तो गेला की मी, मी गेलो की तो. मी पोचायचो तेव्हा खुर्ची गरम असायची आणि किटली अर्धी. फाटकात सायकलचा मागचा दिवा दिसायचा, बस्स. कुणी साहेब तपासणीला आला असता तर त्याला कधीही एकच माणूस सापडला असता. म्हणून काय दुसरा नव्हता?”

गणितात हे बाईंना पाठ होतं. आयुष्यात कधी लावून पाहिलं नव्हतं. आपल्या एका स्वच्छ अक्षरातल्या ओळीने एका पोरीला नाहीसं केलं, आणि वर आपल्याला हायसं वाटलं, याची त्यांना भयंकर लाज वाटली. उद्या पाच वाजता यादी बंद होणार होती.

दुसऱ्या दिवशी शंकांचा तास होता. त्या तासाला सहसा काळं कुत्रं फिरकत नाही. राखाडी कोट एकटा मागच्या भिंतीशी बसला होता. बाईंनी पेपर तिच्यापुढे ठेवला.

“हा तू लिहिलास?”

“क्रमांक माझा आहे, बाई.”

“ते मला दिसतंय. लिहिला कुणी?”

मुलीने पेपर बाईंकडे परत सरकवला. “सत्तेचाळीसने. मला हे गणित येत नाही. मी असते तर सिद्ध करून मोकळी झाले असते.”

“ती आहे म्हणजे?”

“तुम्ही नाही म्हणून लिहिलंत ना, बाई.”

या बोलण्यात राग नव्हता, हेच बाईंना सोसवेना. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. दोघी एका शाळेतल्या. तिथे अक्षरसुद्धा पट्टीने मारून शिकवायचे. “एकशे दहा मुली, बाई, आणि अक्षर एक. रोज संध्याकाळी वह्या कुणाच्याही कुणाला वाटायचे, आणि जिथे थांबलं असेल तिथून पुढे लिहायचं.” इथे दोघींना मिळून एकच काम मिळालं होतं, पुलापलीकडच्या धुलाईघरात, चादरींच्या इस्त्रीच्या यंत्रावर. कामाबरोबर मागची खोली राहायला. यंत्रापुढची जागा एका दिवसासाठीही रिकामी दिसली की काम गेलं आणि खोलीही गेली. म्हणून एक यंत्रावर, एक वर्गात. कोट एकच होता, जी बाहेर पडेल तिने घालायचा. धुलाईघर बंद रविवारी, आणि रविवारी कार्यालयही बंद. दोघींनी मिळून समक्ष यायचं तर यायचं कधी?

“आणि तिने काहीच म्हटलं नाही?”

“ती म्हणाली, निदान एकीची जागा राहू दे. आणि जमेल तोवर माझ्या नंबरावर शिकून घेते म्हणाली.”

बाईंनी पेपर घेऊन पर्स उचलली. “तू इथून हलू नकोस. मी येईपर्यंत या बाकावरून उठायचं नाही.”

धुलाईघर चालत वीस मिनिटांवर होतं. मुकादमीण पदर खोचून दारात उभी होती. आत जायला तिने साफ नकार दिला. “आत वाफ आहे. काचेतून बघा हवं तर.” काचेवर दव साचलं होतं. पलीकडे डोक्याला फडकं बांधलेली एक आकृती एका लयीत हात पुढेमागे करत होती. बाईंनी काचेला नाक लावलं, चष्मा वरखाली केला. तोंड दिसेना. आणि त्यांच्या मनात नको तो विचार आला. ही तीच असेल तर? आपण पुलावरून आलो, ती दुसऱ्या वाटेने आपल्या आधी पोचली असेल तर? वाफेतली आकृती क्षणभर थांबली, काचेकडे वळली, आणि पुन्हा हात चालू झाले. बाई काचेपासून मागे सरल्या. डोळ्यांवर भिस्त ठेवून आता चालणार नव्हतं.

“काल सकाळी इथे काम चालू होतं का हो?” त्यांनी विचारलं.

“एक दिवस बंद नसतं. ह्या बघा चिठ्ठ्या.”

प्रत्येक गठ्ठ्याला एक चिठ्ठी लागायची आणि तिची जोडचिठ्ठी तारेला ओवून ठेवायचे. वेळ आणि चादरींचा आकडा, जी यंत्रावर असेल तिने हाताने लिहायचा. बाईंनी कालची चिठ्ठी काढून घेतली. सव्वाअकरा, चादरी सत्तर. साताच्या मधोमध आडवी दांडी, शून्य खालून मिटवलेलं. आणि काल सव्वाअकराला हेच अक्षर लिहिणारी मुलगी तळघरात, बाईंच्या डोळ्यांदेखत, बाहेर न जाता पेपर सोडवत होती. आयुष्यात पहिल्यांदा बाईंना एखादं अक्षर पाहून रडू आलं.

कार्यालयात पोचल्या तेव्हा चार वाजून गेले होते. भाऊसाहेब यादीवर शिक्का मारायच्या बेतात होते. बाईंनी पेपर आणि चिठ्ठी शेजारी शेजारी ठेवली.

“म्हणजे तुम्ही दोघींना एकत्र पाहिलंत?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“वेगवेगळ्या तरी पाहिल्यात? तोंडाने ओळखाल?”

“नाही. पण एक मुलगी एका वेळी दोन ठिकाणी लिहू शकत नाही. म्हणजे दोन आहेत.”

“आणि तीन असल्या तर?”

“दोनपेक्षा कमी नाहीत, एवढंच मी सिद्ध केलंय. तुम्हाला तेवढं पुरे.”

भाऊसाहेबांनी कपाळावर हात मारला. “बाई, महिन्यापूर्वी याच खुर्चीसमोर तुम्ही एक नाही हे सिद्ध केलं होतंत. आज दोन आहेत हे सिद्ध करताय. उद्या खोटं निघालं तर तुमचा वर्ग बंद होईल, आणि सही तुमची असेल, माझी नाही.”

“माझीच असू दे.”

बाईंनी सही केली. एकतीस वर्षांत न पाहिलेल्या गोष्टीखाली त्यांनी कधी सही केली नव्हती. ही हकिगत सांगताना मी असं म्हटलं तर लोक हसतात, पण मला विचाराल तर शाळेतून विद्यापीठात बाई त्या दिवशी दाखल झाल्या. भाऊसाहेबांनी सत्तेचाळीसवरची रेघ रद्द केली, महिनाभराची निम्मी हजेरी एकोणीसवरून तिच्याकडे वळवली, शेजारी आद्याक्षरं टाकली आणि यादी बंद केली.

तळघरात गेल्या तर बाक रिकामा होता. अंधार पडायला लागला होता, पोरगी तरी किती वेळ बसणार. तरी बाईंना राहवेना. त्यांनी बाकावर हात ठेवून पाहिला. बाक गार होता.

पुढचे दोन दिवस त्यांनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. सिद्धता बरोबर होती, एकेक पायरी पुन्हा तपासली तरी बरोबरच येत होती, आणि मन काही धजत नव्हतं. भाजी चिरता चिरता त्या म्हणायच्या, “अहो, एकच आली तर?” यजमान म्हणायचे, “मग दुसरीची खुर्ची गरम आहे का बघ.” बाईंना यावेळी हसू आलं नाही.

रविवारी परीक्षेला त्या अर्धा तास आधी जाऊन बसल्या. लांबचा चष्मा पेटीतून शोधून आणला होता. त्याच्या काड्या कानांना टोचत होत्या. पोरं येत गेली, आपापल्या क्रमांकावर बसत गेली. दहाला दहा कमी असताना राखाडी कोट आला आणि एकोणीसवर बसला. सत्तेचाळीसचा बाक मोकळा होता. दहाला पाच कमी झाली. दहाला तीन.

मग जिन्यावर पावलं वाजली आणि दारात एक मुलगी उभी राहिली. अंगात कोट नव्हता, थंडीने दात वाजत होते. “सत्तेचाळीस,” ती म्हणाली.

बाई उठून उभ्या राहिल्या. त्यांनी दारातल्या मुलीकडे पाहिलं, मग बाकावरच्या मुलीकडे पाहिलं, मग पुन्हा दाराकडे. एकोणीस ठेंगणी, गोल चेहऱ्याची, गोरी, नाकावर तीळ. सत्तेचाळीस तिच्यापेक्षा हातभर उंच, काळीसावळी, गालफडं वर आलेली, भुवया एकमेकींना भिडलेल्या. दोघींच्यात साम्य म्हणून औषधाला नव्हतं. चार महिने रोज या दोन पोरी बाईंच्या टेबलाशी दोन हातांवर उभ्या राहिल्या होत्या.

सत्तेचाळीस आपल्या बाकावर जाऊन बसली. बाई पहिल्या बाकावरच्या मुलाकडे वळल्या, आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने त्याला विचारलं, “या दोघी आहेत, हे तुम्हाला माहीत होतं?”

“हो, बाई,” मुलगा म्हणाला. “सगळ्यांनाच माहीत होतं.”

“मग कुणी सांगितलं का नाही?”

मुलगा गोंधळला. काही चुकलं का म्हणून त्याने मागे वळून इतरांकडे पाहिलं.

“तुम्ही विचारलंच नाहीत, बाई,” तो म्हणाला.

बाईंनी प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा उचलला आणि स्वतः बाकांमधून फिरून वाटायला लागल्या. प्रत्येकापाशी थांबून त्याच्या तोंडाकडे नीट पाहायच्या आणि मगच कागद द्यायच्या. त्यात बराच वेळ गेला, आणि परीक्षा वीस मिनिटं उशिरा सुरू झाली.